दोन रुमाल

सरांनी मला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "दही म्हणजे काय?"

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. मुलाखतीसाठी चार दिवस पाठांतर करून आलेले. लॅक्टिक आम्लापासून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "एवढं नको. घरी कसं लावता ते सांगा."

"दूध कोमट करायचं, त्यात थोडं दही घालायचं."

"म्हणजे दही म्हणजे दूध अधिक दही. बरं, आणि ते आतलं दही म्हणजे?"

"दूध अधिक... आधीचं दही."

"आणि त्याच्या आतलं?"

मी मनातल्या मनात एकेक दही मागे जात राहिले. वाटलं, हा माणूस आपली टिंगल करतोय. ते मात्र खूश झाले होते. "तुम्ही अडकलात ना? आमचा संगणकपण तिथेच अडकलाय. उद्यापासून या."

झाली मुलाखत. सर स्वतः दही खात नसत, सर्दी होते म्हणून, हे मला पुढे कळलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. महाडजवळ बिरवाडीला लागून कारखाने उभे राहिले होते आणि आमच्या गावात ज्याच्या त्याच्या घरी एक खोली कामगारांना भाड्याने दिलेली होती. रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात नुकताच एक संगणक आला होता. अख्ख्या कारखान्यात एअरकंडिशनर दोनच, एक मॅनेजरसाहेबांच्या केबिनला आणि दुसरा त्या संगणकाला. खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत सर लाल लोकरीचा स्वेटर घालून बसलेले असत, मे महिन्यातसुद्धा.

ते मूळचे पोलादपूरचे. मुंबईत कुठल्याशा कंपनीत दहा-बारा वर्षं संगणकाचं काम करून परत आले होते. का आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारलं तर "पाणी बरं आहे इकडचं" म्हणत. सगळ्यांना ते अहो-जाहो करत. शिपायाला, कँटीनमधल्या पोऱ्याला, गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा. "सरका जरा," असं ते कुत्र्याला म्हणत आणि कुत्रा सरके. मला जन्मात पहिल्यांदा तुम्ही म्हणणारा माणूस तोच. सुरुवातीला मी मागे वळून बघायची, कोणाशी बोलतायत म्हणून.

माझ्या हातात सहा महिन्यांचं पत्र होतं, तात्पुरतं. सहा महिने संपले की दुसरं पत्र, ते संपलं की तिसरं. तिसऱ्यानंतर एकतर कायम करायचं, नाहीतर घरी पाठवायचं, अशी तिथली रीत होती. आणि कायम करायला जागाच नव्हती. संगणकासाठी महाडला मंजूर पद एकच, त्यावर सर बसलेले. माझ्या वडिलांनी मात्र सगळ्या बुद्धवाड्यात सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी कंप्युटरवर हाय." तिसरं पत्र मेअखेर संपत होतं. मला ती नोकरी हवी होती. घराला पगार हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त मला ते यंत्र हवं होतं. त्याची चटक लागली होती, दुसरा शब्द नाही.

सरांचं काम काय होतं, ते सांगते. कारखान्यात प्रत्येक बॅचला एक कागद निघतो. कुठल्या टाकीत काय घालायचं, किती घालायचं, किती तापवायचं. हे कागद केमिस्ट लोक हाताने लिहीत आणि चुकत. सरांनी त्यासाठी एक छोटीशी भाषाच बनवायला घेतली होती. केमिस्टने साध्या शब्दांत कृती लिहायची, ती संगणकाने वाचून समजून घ्यायची आणि कागद छापायचा. भाषा समजून घेणारा तो प्रोग्राम म्हणजे कंपायलर. त्याच्या पोटात सरांनी एक लायब्ररी रचली होती. 'माल' म्हणजे काय, 'टाकी' म्हणजे काय, कशात काय काय मोडतं, हे संगणकाला शिकवणाऱ्या तुकड्यांचा तो संच.

आणि तिथेच ते दही आडवं आलं होतं. आमचा मुख्य माल गाळला की खाली पाणी उरे. त्याला इंग्रजीत मदर लिकर म्हणतात, कारखान्यात सगळे नुसतं 'एमएल' म्हणत. त्यात बराच माल विरघळलेला असतो, म्हणून ते फेकायचं नाही, पुढच्या बॅचमध्ये घालायचं. म्हणजे माल काय, तर कच्ची रसायनं आणि एमएल. एमएल काय, तर मालातून उरलेलं पाणी. संगणकाला माल समजायला आधी एमएल समजायला हवं आणि एमएल समजायला आधी माल. बिचारा फिरत राही, फिरत राही आणि मेमरी संपली की बंद पडे.

यावर सरांनी काढलेला तोडगा मी आधी पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर पाहिला, मग संगणकात.

माझी थोरली बहीण पोलादपूरला दिलेली. तिच्या बाळंतपणात महिनाभर मी तिथून कामाला येत-जात होते. सकाळची महाड गाडी स्टँडला लागली की सर खिडकीखाली उभे. खिशातून चौकड्याचे दोन रुमाल काढायचे आणि खिडकीतून आत टाकायचे, दोन सीटांवर. एक स्वतःसाठी. दुसरा कोणासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसे.

"ओ, कोन येनार हाय का नाय इथं?" उभे राहिलेले लोक खेकसत.

"येणार आहे."

"कोन?"

"ते अजून ठरायचंय."

लोक चिडायचे, चिडणारच. पण कंडक्टरने घंटी ओढायच्या आत सर तो दुसरा रुमाल उचलायचे म्हणजे उचलायचेच. गाडीभर नजर फिरवायची आणि उभ्यांपैकी ज्याला सर्वात लांब जायचं असेल त्याला बसवायचं. कधी कोंबड्या घेऊन निघालेली बाई, कधी नाक्यावरचा मास्तर. एकदा गर्दी फारच होती. दोन म्हातारे चढले, तर दुसऱ्या रुमालावर एकाला बसवलं आणि स्वतःच्या रुमालावर दुसऱ्याला, आणि सर बिरवाडीच्या फाट्यापर्यंत दांडीला लोंबकळत आले. वर मला म्हणतात, "जागा धरणं हा गुन्हा नाही. रिकामा रुमाल घेऊन गाडी सुटली, तर तो गुन्हा."

लायब्ररीत हेच. एमएल अजून माहीत नाही ना? मग नुसत्या नावाची एक रिकामी जागा करायची आणि तिच्यावर रुमाल टाकायचा. मग खुशाल माल लिहायचा. एमएल जिथे येईल तिथे त्या रुमालाचा पत्ता द्यायचा. माल लिहून झाला की परत येऊन त्या रिकाम्या जागेत खरं एमएल बसवायचं. ज्यांच्या ज्यांच्याकडे पत्ता होता, त्यांना आपोआप खरी वस्तू मिळते. "दह्यात अख्खं दही मावत नाही," ते म्हणत, "पण दह्याचा पत्ता मावतो." त्या दोन कामांची नावं त्यांनी लायब्ररीत चक्क 'रुमाल' आणि 'बसला' अशी ठेवली होती. यंत्राला देवनागरी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत. मुंबईहून एकदा एक टाय लावलेला तंत्रज्ञ आला होता. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "हे रुमाल कसलं लघुरूप आहे?" सर म्हणाले, "सुती."

त्यांची ही सवय सगळीकडे होती. मी एकदा पोलादपूरला त्यांच्या घरी गेले होते. मागच्या पडवीच्या दाराला रंगवलेली पाटी, 'संगणक वर्ग'. मी मोठ्या उत्साहाने दार ढकललं, तर आत छपरापर्यंत जळाऊ लाकडं आणि एक मोडका पाळणा. त्यांच्या आई चुलीपुढून ओरडल्या, "बघ गो बाय, बोर्ड लावलान आन् आत माजी लाकडं हायत! दोन वर्सं झाली. येनारा-जानारा हसतो."

"आई, लाकडं किती दिवस पुरतील?" सर.

"ह्या पावसाला पुरतील."

"मग झालं तर." आणि मला म्हणाले, "'पुढे बघू' म्हणायला हरकत नाही. पुढे म्हणजे कधी, तेवढं लिहून ठेवायचं." पाटीच्या मागच्या बाजूला त्यांनी खरोखरच पेन्सिलने एक वर्ष लिहिलं होतं. मी हसले. परत आल्यावर बहिणीलाही सांगून हसवलं. आता त्याची लाज वाटते.

आता माझ्या चुकीबद्दल. एप्रिलमध्ये एक नवा माल सुरू व्हायचा होता. त्याची कृती लिहायचं काम सरांनी पहिल्यांदा माझ्या एकटीवर सोपवलं. मी एमएलसाठी रुमाल टाकला, माल नीट लिहून काढला आणि तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. मी डबा खाऊन आले, कागद छापला, खाली प्लँटवर पाठवला. परत येऊन रुमालाच्या जागी एमएल बसवायचं साफ विसरले. लायब्ररीने त्या रिकाम्या जागेबद्दल चकार शब्द काढला नाही. रिकामं तर रिकामं, असं समजून कागदावर 'एमएल' लिहून पुढची जागा कोरी सोडली.

तासाभराने प्लँटवरचे बाबा वर आले. बाबा शिवथरकडचे, जुने ऑपरेटर, वाचायला सावकाश पण एक अक्षर न सोडता वाचणारे. चपला काढून दारातच उभे राहिले.

"बाय, ह्या खान्यात काय घालू? नुसतं एमएल लिवलंय, किती ते नाय, कसलं ते नाय. आमी टाकी तापवून बसलोय."

मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. बाबांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने जुन्या मालाचं एमएल ओतलं असतं किंवा साधं पाणी, आणि अख्खी टाकी गटारात गेली असती. तशी गेली नाही, पण तापवलेली टाकी चार तास अडून राहिली. मॅनेजरसाहेब स्वतः संगणकाच्या खोलीत आले, बूट न काढता.

"हा कागद कोणी काढला?"

मी तोंड उघडलं. माझं तिसरं पत्र टेबलाच्या खणातच होतं. सर माझ्या आधी बोलले, स्वेटरच्या बाह्या सारख्या करत, हवापाण्याविषयी बोलावं तसं.

"कागद यांनी काढला. चूक माझी आहे."

"म्हणजे काय? काढला त्याची चूक."

"नाही. यांनी रुमाल टाकला, तो त्यांचा हक्क. विसरल्या, माणूस विसरतो. रिकामा रुमाल दिसत असताना गाडी सोडली माझ्या लायब्ररीने. कंडक्टर मी आहे, साहेब."

साहेबांना एक अक्षर कळलं नसावं. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मेनंतर बघू," आणि गेले. मला रडू आलं. मला पाठीशी घालण्यासाठी सर तसं बोलले असं मी धरून चालले होते, म्हणून मी आभार मानले, तर ते चक्क चिडले. "आभार कसले? मी खोटं बोललो नाही. चुकलंच आहे माझं." त्यानंतरचे आठ दिवस ते संगणकापुढून हलले नाहीत. छपाईच्या जुन्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. नवव्या दिवशी लायब्ररीत नवा नियम आला. कुठलाही प्रोग्राम छपाईला निघायच्या आधी सगळे रुमाल तपासणार आणि एकही रिकामा असला तरी जागचा हलणार नाही. पडद्यावर फक्त एक यादी, इंग्रजी अक्षरांतच, 'खालील रुमाल रिकामे आहेत'.

मे उजाडला. मुंबईच्या कचेरीतून एक मोठे साहेब येणार होते, महाडचा संगणक पोसायचा की मुंबईला न्यायचा ते ठरवायला. मॅनेजरसाहेबांनी फुशारकी मारून ठेवली होती की आमचा संगणक एक कळ दाबली की कारखान्यातल्या सगळ्या माणसांचा तक्ता काढून देतो, कोण कोणाच्या हाताखाली ते. तेही दह्यासारखंच काम. साहेबाच्या हाताखाली माणसं, त्यांच्या हाताखाली पुन्हा माणसं. सरांनी ते त्याच लायब्ररीवर दोन दिवसांत केलं. महिन्याच्या पाळ्यांची यादीही त्यातूनच निघणार होती.

मुंबईचे साहेब आले. मॅनेजरसाहेबांनी त्या दिवशी बूट काढले. सगळे प्रिंटरभोवती उभे. सरांनी कळ दाबली. प्रिंटर गप्प. पडद्यावर ओळ उमटली, 'खालील रुमाल रिकामे आहेत: प्रोग्रामर, महाड'.

"हे काय आहे?" मुंबईचे साहेब.

सरांनी सांगितलं. मुंबईचे साहेब मूळचे घाटावरचे, एस.टी.तच वाढलेले. रुमाल म्हटल्यावर त्यांना फार समजवावं लागलं नाही. ते हसले. मॅनेजरसाहेब हसले नाहीत. "पण असं पदच नाहीये! काढून टाका ती ओळ."

"पद नाही, काम आहे," सर म्हणाले. "काम करणारी व्यक्ती दीड वर्षं इथे उभी आहे. ह्या बघा." मी खरंच उभी होते, दाराशी.

मुंबईच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "महाडला एकच पद मंजूर आहे. दोन मी देऊ शकत नाही. मला तसा अधिकारच नाही."

"एक आहे ना, मग पुरे," सर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. मला वाटलं, पाणी प्यायला उठले. त्यांनी उभ्या उभ्याच दोन ओळी बदलल्या, तो रिकामा रुमाल उचलला, आपलं नाव खोडून तिथे माझं घातलं, कळ दाबली, आणि प्रिंटर करकरत सुरू झाला. मग खणातून एक कागद काढला. छपाईच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला राजीनामा. तारीख आठ दिवसांपूर्वीची होती. कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट फाडून त्यांनी तो मॅनेजरसाहेबांच्या हातात ठेवला.

मी त्यांना बाहेर चपलांपाशी गाठलं. मला फार राग आला होता. "मी मागितलं नव्हतं, सर. असं कोणाला उठवून बसायचं नव्हतं मला."

"गाडीत तरी कोण मागतं?"

"मी म्हातारी नाहीये!"

"नाही. तुम्हाला लांब जायचंय," ते म्हणाले. "माझं पोलादपूर जवळ आलंय." आणि चपला शोधू लागले.

त्यांनी हे माझ्यासाठी केलं की पडवीतली लाकडं संपत आली होती म्हणून, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, पाणी बरं आहे तिकडचं. माझं तिसरं पत्र महिनाभर वाढवलं गेलं, जूनअखेर ते गेले आणि त्यांच्या जागेवर मी कायम झाले. वडिलांनी बुद्धवाड्यात पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही.

जुलैच्या पहिल्या तारखेला मी पाळ्यांची यादी काढायला बसले. खुर्ची मला उंच होत होती. कळ दाबली. प्रिंटर गप्प.

'खालील रुमाल रिकामे आहेत: मदतनीस, प्रोग्रामर यांच्या हाताखाली'.

मी प्रोग्राम उघडला. माझ्या नावाखाली एक नवी ओळ होती, सरांच्या शेवटच्या दिवसाची तारीख टाकून लिहिलेली. ती खोडायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. दारात बाबा यादीसाठी उभे होते. "काय गो, आज पन अडलं काय?"

"अडलंय, बाबा. आलेच."

मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, एक माणूस लागेल. ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, तुम्हाला कायम होऊन एक दिवस नाही झाला!"

"रुमाल टाकलाय, साहेब. कोणी बसल्याशिवाय यादी निघणार नाही."

ते बराच वेळ बोलले, सरांबद्दल आणि माझ्याबद्दलही. मग फोन उचलून त्यांनी मुंबई मागितली. लाइन लागायला वीस मिनिटं गेली. मध्ये दोनदा ते बसा म्हणाले, पण मी उभीच राहिले.